बोकडाच्या कानात सांगायचं

धोंडेगावात सुरी चालवायचा मान एकट्या दस्तगीर मुलाण्याचा. आज्याचा बापाकडं आला, बापाचा ह्याच्याकडं. गावात सरपंच पडले, पाटलांच्या भावक्या फुटल्या, सोसायटीचा चेअरमन तर एका रात्रीत पक्ष बदलून मोकळा झाला. पण सुरी कुणाच्या हातात असावी यावर कऱ्हाड-सांगलीच्या मधल्या त्या उसाच्या गावात कधी दुमत झालं नाही. धोंडाईची जत्रा असो, नवसाचं बोकड असो नाहीतर जावई आला म्हणून कोंबडं असो, दस्तूभाईनं ‘बिस्मिल्ला’ म्हटल्याशिवाय एक मराठा ताटाला हात लावायचा नाही. एकदा सरपंच आप्पासो पाटलांच्या पुण्याच्या मेव्हण्यानं उतावीळपणा करून परसात स्वतःच कोंबडं कापलं. आप्पासोंच्या आईनं ते शिजलेलं कालवण पातेल्यासकट उकिरड्यावर पालथं केलं आणि मेव्हण्याला पिठलं वाढलं. मेव्हणा पुन्हा आला तो थेट दिवाळीला, आणि आल्या आल्या चपला काढायच्या आधी विचारता झाला, “दस्तूभाई गावात आहेत ना?”

गडी होताच तसा. आडदांड, मेंदी लावून तांबडी केलेली दाढी, डोक्याला जाळीची टोपी. आणि काम असं रीतीचं की बघत राहावं. सुरीला कायम धार, पण ती सुरी बोकडाला दिसायची नाही. पाठीमागं सदऱ्याखाली लपवलेली. एका बोकडासमोर दुसरं कापायचं नाही. आधी पाणी पाजायचं, मग पाठीवरनं हात फिरवायचा, मग तोंड पश्चिमेला. ही सगळी दिनाची, म्हणजे धर्माची शिकवण, बापानं हातात सुरी देताना कान धरून घोकून घेतलेली. जीव घ्यायचाच आहे तर त्याला भिववून, तरास देऊन घ्यायचा नाही. आणि शेवटी, ‘बिस्मिल्ला’च्या अगदी आधी, दस्तूभाई खाली वाकून बोकडाच्या कानात काहीतरी पुटपुटायचा.

हे कानातलं मात्र बापानं शिकवलेलं नव्हतं. ते काय असावं यावर पारावर वाद झडत. बनुबाई म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तोंडाळ बाई. ती म्हणायची, अरबी मंतर हाय, थेट मक्केवरनं आलेला, तेच्यामुळंच बोकड गप ऱ्हातंय. मिलिटरीतनं पेन्शन घेऊन आलेला कृष्णात तर तो मंतर मागायला दर शिमग्याला मुलाण्याच्या दारात उभा. त्याला तो बायकोवर चालवून बघायचा होता. दस्तूभाई नुसता दाढीतल्या दाढीत हसायचा आणि चहा पाजून त्याला वाटेला लावायचा.

आता खरं सांगू? मंतर ना फिंतर. दस्तूभाई बोकडाच्या कानात एवढंच सांगायचा, “भिऊ नगं लेकरा, मी बी तुज्याइतकाच भ्यालोय.”

हसा, खुशाल हसा. पण खरं आहे ते. पंचक्रोशीत सुरी म्हटलं की ज्याचं नाव निघायचं, तो गडी रक्ताला भ्यायचा. आणि सुईला तर विचारूच नका. पायात बाभळीचा काटा रुतला तर जैतुनबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आधी त्याला कुणाच्या तरी भांडणाची गोष्ट रंगवून सांगायची आणि तो ‘मग? मग?’ करायला लागला की हळूच काटा उपसायचा. लहानपणी गावात देवी टोचणारा आला तेव्हा हा बहाद्दर कडब्याच्या गंजीत जाऊन बसला होता आणि टोचणारा पार पुढच्या गावाला पोचल्यावरच बाहेर आला. त्यामुळं दंडावर देवीचा वण नाही. तो नाही हे कुणाला दिसू नये म्हणून उन्हाळा असो की पावसाळा, मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा. बाह्या कधी वर सारायच्या नाहीत, बोकड सोलतानासुद्धा नाहीत. लोक कौतुक करायचे, काय हात हाय गड्याचा, बाहीला थेंब लागत न्हाई! भीतीनं माणूस किती सफाईदार होतो बघा.

तर चौऱ्याहत्तर साल. चैत्र तोंडावर आलेला. दुष्काळापायी मागच्या जत्रा नुसत्या नारळावर भागवल्या होत्या, तेव्हा यंदा गाव नुसतं पेटलेलं. कुस्त्या ठरल्या, तमाशा ठरला, बोकडं तर माघापासनंच गूळ खाऊन माजली होती. आणि अशात तहसिलीतनं हुकूम आला. उत्तरेकडं देवीचा रोग उठलाय, रेल्वेनं माणसं इकडं येतायत, तेव्हा सगळ्या गावाला देवी टोचून झाल्याशिवाय जत्रेला परवानगी नाही.

हुकमामागोमाग सायकलवरनं देवीडॉक्टर आले. अनंत खांबेटे, मूळचे वाईचे. किडकिडीत देह, खांद्याला पिशवी, बोलणं शुद्ध आणि मऊ. चावडीत टेबल मांडलं, स्पिरिटचा दिवा पेटवला, सुई जाळावर धरली आणि म्हणाले, “चला, या एकेक.”

बनुबाई सगळ्यांत पुढं. तिला प्रत्येक रांगेत पुढं राहायची सवयच होती, रांग कशाची हे ती मागनं विचारायची. तिनं हात पुढं केला, सुई बघितली आणि हात मागं घेतला.

“रगात निघतंय का?”

“थेंबभरसुद्धा नाही, आजी. निघालंच तर टिपकाभर.”

“टिपका म्हंजे रगातच की! धोंडाईच्या चावडीत, धोंडाईच्या जत्रंसाटी रगात काडायचं, आन मुलाणी कुटं हाय?”

खांबेट्यांना काही उमजेना. मुलाण्याचा काय संबंध? पण रांगेतनं एकदम कल्ला उठला. व्हय की! मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हटल्याबिगर गावात कवा रगात निघालंय का? आप्पासोंनी क्षणभर डोकं खाजवलं आणि त्यांनाही ते पटलं. सरपंच झाला तरी शेवटी पातेलं पालथं करणाऱ्या आईचाच मुलगा तो. “बोलवा दस्तूभाईला,” ते म्हणाले, “बिस्मिल्ला म्हनंल आन पयला त्योच टोचून घील. म्हंजे कुनाच्या मनात काय ऱ्हानार न्हाई.”

दस्तूभाई आला. ऐकून घेतलं. टेबलावरच्या सुईकडं एकदा नजर गेली आणि त्यानं सदऱ्याच्या बाह्या मुठीत धरल्या. आता काय सांगावं? सुरीवाल्यानं सुईला भ्यालो म्हणून सांगावं? उद्या कोण सुरी हातात देईल? तोंडातनं आपसूक निघून गेलं, “आज जमायचं न्हाई. माजा रोजा हाय.”

“रोजा?” आप्पासो म्हणाले. “आवं, रमजान तर दिवाळीला झाला की.”

“जादाचा हाय. खुशीचा.”

गाव भारावलं. जत्रा चांगली व्हावी म्हणून मुलाणी जादाचा उपास धरतोय! बनुबाईनं तर लांबूनच त्याच्यावरनं बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. खांबेटे पिशवी आवरून, पुन्हा येतो म्हणून गेले.

आणि दस्तूभाई पेचात पडला. माणूस भित्रा होता, खोटारडा नव्हता. अल्लाच्या नावावर थाप मारायची म्हणजे तोबा तोबा. सुदैवानं त्या सकाळी त्यानं अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, म्हणून त्यानं तिथंच मनात नियत, म्हणजे रोज्याचा संकल्प केला आणि दिवस मावळेपर्यंत खरोखर उपाशी राहिला. पण खांबेटे पुन्हा येणार, कधी येणार ते सांगून गेले नव्हते. मग ह्यानं काय करावं? जादाच्या रोज्याची नियत तोंडात काही घातलं नसलं तर उन्हं डोक्यावर यायच्या आधीपर्यंत करता येते, हे त्याला ठाऊक होतं. झालं! रोज सकाळी न्याहारी झाकून ठेवायची आणि ओट्यावर बसून रस्त्याकडं डोळे लावायचे. सायकल दिसली की रोजा. नाही दिसली की दुपारी भाकरीवर तुटून पडायचं. आठवडा-पंधरवड्यात गड्याची गालफडं बसली. गाव म्हणालं, काय तप हाय!

जैतुनबी मात्र चुलीपुढनं सगळं बघत होती. तिच्या तोंडावर देवीचे वण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. लहानपणी त्या रोगात ती वाचली, तिचे दोघे भाऊ वाचले नाहीत. आणि आता तिच्या मांडीवर नात होती, मेहरून, नुकती कुठं मान धरायला लागलेली, गोरीपान, बोळकं पसरून हसणारी. तिला टोचून घ्यायचं तर घरातल्या म्हाताऱ्यानं हो म्हटलं पाहिजे. म्हातारा तर सायकल बघून उपास करतोय.

“आवं,” एका सकाळी ती म्हणाली, “तुमाला सायकल दिसली की मगच अल्ला आटवतोय व्हय?”

दस्तूभाई चपापला, पण हटला नाही. “तुला काय कळतंय? ती लस जित्या रेडकाच्या अंगावरनं काडत्यात. जित्या जनावराचं काडलेलं मुर्दाड, हराम. मी मुलाणी हाय, मला शिकवू नगं.”

“मी न्हाई शिकवत. मिरजंला जावा, गनीमौलानांना इचारा. ते नगं म्हनले तर मी गप. व्हय म्हनले तर माजी मेहरून टोचायची. ह्या तोंडाकडं बगा आन मग न्हाई म्हना.”

तिच्या तोंडाकडं बघून त्याला नाही म्हणवेना. शिवाय मिरजेला जायचं म्हणजे आणखी एक दिवस सुटला, हाही हिशेब होताच. गावानं साक्षीला म्हणून कृष्णातला बरोबर दिलं. कृष्णात वाटभर सांगत होता, “मिलिटरीत लाईन लावून दोनी दंडाला टोचत्यात गड्या, इकडनं एक, तिकडनं एक. आमच्यात एक जाट पैलवान हुता, सुई बगूनच आडवा झाला.” दस्तूभाई एसटीच्या खिडकीतनं बाहेर बघत होता. त्याला त्या न पाहिलेल्या जाटाबद्दल भारी माया वाटायला लागली.

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला मौलानांची मशीद. गल्लीभर भोपळे वाळत घातलेले, कुठंतरी कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा पिळत बसलेलं. गनीमौलाना म्हणजे एवढासा म्हातारा, डोळे मिचमिचे, आणि हसला की पोट आधी हलायचं. दस्तूभाईचा बाप त्यांच्याकडं यायचा, म्हणून ते ह्याला अजून पोरगंच समजत.

दस्तूभाईनं घसा साफ केला. “मौलाना, जित्या जनावराच्या अंगावरनं जे काडलं ते मुर्दाड. बराबर?”

“खायला मुर्दाड. बरोबर.”

“देवीची लस तशीच काडत्यात.”

“तू काय ती रश्श्यात घालणार आहेस?”

कृष्णात फिसकन हसला. दस्तूभाईनं त्याच्याकडं डोळे वटारले. मौलाना म्हणाले, “अरे भाई, औषध आहे ते. चवीसाठी नाही, हौसेसाठी नाही. जीव राखायचा असेल तिथं दिनानं वाट मोकळी ठेवलीय. देवीवर दुसरं काही औषध असतं तर आपण दोघं चहा पीत वाद घातला असता. आहे का दुसरं?”

“न्हाई. पर रोज्यात…”

“सुईनं पोटात भाकरी जाते? पाणी जातं? मग रोजा कसा सुटेल? आणि तुझी गालफडं बघून वाटतंय, रोजे पुष्कळ झाले तुझे.”

दस्तूभाईनं पवित्रा बदलला. “मौलाना, जे लिवलंय ते चुकत न्हाई. मग टोचून उपेग काय?”

“तुझ्या शेळ्यांच्या खोपीला ताटी आहे?”

“हाय की.”

“कशाला? लांडग्यानं न्यायची लिहिली असेल ती नेणारच. काढून टाक ताटी.”

“काडून टाकू? सगळ्या शेळ्या जातील की!”

“मग? आधी ताटी लाव, मग अल्लावर भार टाकून झोप. ताटी न लावता झोपला त्याला भरवसा म्हणत नाहीत, आळस म्हणतात.”

आता एकच राहिलं होतं. “आंग म्हंजे अल्लाची अमानत. धडधाकट आंगाला भोक पाडायचं?”

“अमानत आहे म्हणूनच राखायची. आणि अंग तुझं एकट्याचं असतं तर मी तुला सोडून दिलं असतं, जा बाबा, तुझं तू बघ. पण देवी तुझ्या उंबऱ्यावर थांबणार आहे का? तुझ्यामुळं शेजारच्याचं लेकरू गेलं तर जाब कुणी द्यायचा? आपल्या हातानं आपल्याला इजा नको आणि आपल्यामुळं दुसऱ्याला नको. टोचून घे, घरच्यांना टोच, आणि गाव तुझ्या तोंडाकडं बघत असेल तर गावालाही सांग.” मग थांबून म्हणाले, “बिस्मिल्ला म्हण की, चांगल्या कामाला म्हणायचीच असते. फक्त जबह करताना, सुरी फिरवताना, त्याच्या पुढं जे म्हणतोस ते म्हणू नकोस. माणसं आहेत ती.”

एवढं ऐकून कृष्णातचं समाधान झालं आणि तो गल्लीत तंबोरे बघायला गेला. लगेच कुठनं तरी तार झणाणली आणि पाठोपाठ कारागिराची शिवी ऐकू आली. मौलाना पुढं सरकले. “धर्माचे सवाल संपले, दस्तगीर. आता खरं काय ते सांग.”

दस्तूभाईनं वाळत घातलेल्या भोपळ्यांकडं बघितलं, स्वतःच्या हातांकडं बघितलं. “भ्या वाटतंय, मौलाना.”

“कशाचं?”

“सुईचं.”

मौलानांनी ओठ घट्ट मिटले, तरी पोट हललंच. दाढीवरनं हात फिरवत ते म्हणाले, “भ्यायला बंदी नाही. खुशाल भी. पण भीतीला दिनाच्या पाठीमागं लपवू नकोस. दिन काय कडब्याची गंजी आहे?”

दस्तूभाई दचकला. गंजीचं ह्यांना कुणी सांगितलं? मग आठवलं, बाप सगळं मौलानांना येऊन सांगायचा.

परतल्यावर कृष्णातनं एसटीतनं पाय खाली टाकता टाकताच बोंब ठोकली, “मौलानानं सांगितलंया, टोचनं निस्तं चालतंय असं न्हाई, टोचून घ्यायलाच पायजे! आन पयला दस्तूभाई!” झालं, सुटायची होती नव्हती तेवढी वाट बंद झाली. खांबेट्यांना निरोप गेला. दुसऱ्या सकाळी जैतुनबीनं न्याहारी झाकून ठेवलीच नाही, तर नवऱ्याच्या पुढ्यात बसून घास घास खायला लावली. म्हणाली, “आता धरा रोजा.”

चावडीत सगळा गाव लोटला. जत्रेला लोटावा तसा. दस्तूभाई बाकावर बसला, पुढं टेबल, टेबलापलीकडं खांबेटे. त्यांनी दिवा पेटवला, सुई उचलली आणि जाळावर धरली. सुई लख्खकन चमकली. दस्तूभाई बाकावरनं उडाला.

“थांबा! सुरी दावत्यात व्हय कुनी?” तो ओरडला. “आमी बोकडाला बी दावत न्हाई!”

शेवटचा डाव टाकला होता गड्यानं. वाटलं, आता वाद पेटेल, दुपार होईल, डॉक्टर कंटाळून जातील. पण गावानं ते भलतंच मनावर घेतलं.

“बराबर हाय!” बनुबाई गरजली. “डाक्टर, लपीव ती सुई. सदऱ्याखाली लपीव. रीत म्हंजे रीत.”

खांबेट्यांनी आज्ञाधारकपणे सुई पाठीमागं नेली. आणि मग काय सांगावं! जन्मभर ज्या गावानं दस्तूभाईला बोकड कापताना बघितलं होतं, त्याला प्रत्येक पायरी तोंडपाठ. “पानी पाजा!” कुणीतरी ओरडलं. लोटा आला, दस्तूभाईच्या तोंडाला लागला. “तोंड पच्छिमंला!” आप्पासोंनी स्वतः त्याचे खांदे धरून बाकासकट फिरवलं. “दुसऱ्या बोकडानं बगायचं न्हाई, तोंडं फिरवा रं समदी!” आणि सगळं गाव खरोखरच भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं आणि खांद्यावरनं चोरून बघायला लागलं. कृष्णातनं विचारलं, “डाव्या कुशीवर निजवायचा का?” आप्पासो म्हणाले, “न्हाई, तेवडं ऱ्हाऊ दे.” जैतुनबी पुढं आली आणि मेहरूनला कडेवर सावरत दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या पाठीवरनं सावकाश हात फिरवायला लागली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि दस्तूभाई बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळत होतं की एवढं सगळं रीतसर केलं तरी बोकडाला भ्या वाटतंच.

कृष्णातनं त्याची बाही वर सारली. दंड कोरा.

“आरं, दस्तूभाईला तर देवी टोचलीच न्हाई कवा!”

“म्हनून त्यो लांब बाह्यांचा सदरा!”

खसखस पिकली. आणि त्या गलबल्यात बनुबाईचा आवाज चढला, “थांबा! कानातलं ऱ्हायलं की! मंतर!”

खरंच की, कानातलं राहिलं. पण ते म्हणायचं कुणी? एकट्या दस्तूभाईला येतं, आणि आज तर बोकड तोच. आप्पासो वाकून म्हणाले, “दस्तूभाई, काय म्हनायचं असतंय ते आमाला सांगा. आमी म्हनतो. अर्दवट नगं ऱ्हायला.”

दस्तूभाईनं मान खाली घातली. खोटं सांगता आलं असतं. दोन अरबी शब्द फेकले असते तर गावानं जन्मभर जपून ठेवले असते. पण मौलानांचं पोट डोळ्यांपुढं हललं. लपायला गंजी नव्हती.

“मंतर न्हाई त्यो,” तो म्हणाला, एवढ्या हळू की मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं. “मी बोकडाला सांगतो, भिऊ नगं लेकरा, मी बी तुज्याइतकाच भ्यालोय. हातात सुरी घेतली की मी दर येळंला भितो. आज बी लय भ्यालोय. रोजा बिजा काय न्हवता… म्हंजे हुता, पर सुईपायी हुता. आता द्या सुरी ज्याला द्यायची त्याला.”

आता कोण हसणार, म्हणून तो वाट बघत बसला. कुणीच हसलं नाही. भिंतीकडं तोंड केलेलं गाव एव्हाना सगळं वळून त्याच्याकडं बघत होतं. मग बनुबाई काठी टेकत पुढं आली, कशीबशी वाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन, अख्ख्या चावडीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, “भिऊ नगं लेकरा. मी बी लय भ्यालीया. त्या दिशी मुलाण्याचं निमित केलं म्यां. सुई बगूनच माजा जीव खालीवर झाला हुता.”

आधी कृष्णात हसला. मग म्हणाला, “जाट पैलवान बिलवान कोन न्हवता. त्यो मीच हुतो.” आणि मग जे हसणं फुटलं ते विचारू नका. आप्पासो बाकावरच बसले. खांबेट्यांनी चष्मा काढून पुसला आणि कबूल केलं की नोकरीत पहिल्यांदा सुई धरली तेव्हा टोचून घेणाऱ्याआधी त्यांनाच घेरी आली होती.

“बिस्मिल्ला,” दस्तूभाई म्हणाला.

“पुडचं म्हन की!” मागनं कुणीतरी ओरडलं.

“पुडचं बोकडासाटी असतंय! तुमाला खायचं हाय व्हय मला?”

पुन्हा हशा, आणि त्या हशात खांबेट्यांनी टोचूनसुद्धा टाकलं. दस्तूभाईनं डोळे उघडून दंडाकडं बघितलं. रक्ताचा टिपका होता, कोंबडीच्या डोळ्याएवढासुद्धा नाही. एवढ्यासाठी आपण पंधरवडाभर न्याहारी बुडवली, ह्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

मग रांग लागली. आणि धोंडेगावची ती रांग बघायला पाहिजे होती. प्रत्येकानं पुढच्याच्या कानात वाकून सांगायचं, “भिऊ नगं, मी बी भ्यालोय,” मग पुढच्यानं दंड पुढं करायचा. मिशाळ पैलवान एकमेकांच्या कानात कुजबुजतायत, बायका पदर तोंडात कोंबून हसतायत, सासू सुनेच्या कानात सांगते आणि सून सासूच्या. खांबेटे सुई दर वेळी न विसरता पाठीमागं लपवत होते. ज्यांना टोचून झालं ते घरी जाईनात, बघायला तिथंच थांबले.

शेवटाला जैतुनबीनं मेहरूनला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. हसणं हळूहळू बंद झालं. दस्तूभाईनं नातीचं तोंड पश्चिमेकडं केलं, पाठीवरनं हात फिरवला. खांबेट्यांनी सुई मागं धरली. पोरगी बोळकं पसरून आजोबाची तांबडी दाढी ओढत होती. तो तिच्या कानाशी वाकला.

“भिऊ नगं लेकरा,” तो म्हणाला, “मी बी…”

आणि अडला. पुढचं म्हणायला गेला आणि त्याच्या ध्यानात आलं की आता त्याला भ्या वाटत नाही. कुठं गेलं कुणास ठाऊक. आणि लेकराच्या कानात खोटं कसं सांगायचं?

“बिस्मिल्ला. भिऊ नगं,” त्यानं पुन्हा सांगितलं. “मी हाय.”

सुई टेकली आणि मेहरूननं असा टाहो फोडला की चावडीच्या कौलांवरची कबुतरं उडाली. गाव पुन्हा हसायला लागलं. जैतुनबीनं वणांच्या तोंडावरनं पदर फिरवला, रडणाऱ्या नातीला उचलून खांद्यावर टाकलं आणि सवयीनं नवऱ्याची वर सारलेली बाही खाली ओढायला हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे वर,” दस्तूभाई म्हणाला. “वारं लागू दे.”